लेसिएलीताईंचा तळवा

"आता कळतंय?"

"कळतंय की."

"आणि आता?"

"आता तर चांगलंच झोंबलं! जरा हळू रे, केलेपी, माणसाचा पाय आहे."

केलेपी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. ज्या नायलॉनच्या दोऱ्याने तो तळव्याला टोचून बघायचा, तो दोरा मघापासून टेबलावर पडला होता. मनासे मात्र डोळे घट्ट मिटून, न झालेल्या टोचण्याबद्दल कळवळून सांगत होता.

"डोळे उघड, लबाडा."

मनासेने आधी एकच डोळा उघडला. दोरा कुठे आहे ते पाहिले. मग दुसरा उघडला.

"आधी सांगायचंस ना. मी आपला तुझा मान राखत होतो."

मनासे एके काळी रग्बीच्या संघात होता आणि त्याने अंगावर घेतलेली माणसे अजून लंगडतात असे तो सांगे. आता तो स्वतः कुबड्यांवर होता. डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. त्याबद्दल कुणी हळहळले की तो म्हणायचा, "पुढे पाठवलाय. स्वर्गात गर्दी फार, जागा धरून ठेवायला नको?" उरलेल्या उजव्या पायाच्या बुटात केलेपीने केलेली गादी होती. ती तपासून घ्यायच्या निमित्ताने तो रोज यायचा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बसायचा. गादीला रोज तपासण्यासारखे काही होत नसते, हे दोघांनाही ठाऊक होते.

केलेपीचे कामाचे शेड रुग्णालयाच्या मागच्या अंगाला होते. एका बाजूला धोबीखाना, दुसऱ्या बाजूला शवागार. केलेपी मुळात तिथला सुतार. खाटांचे पाय बसवायचा. मग परदेशातून काही गोरी माणसे आली, त्यांनी भट्टी आणली, ग्राइंडर आणला, केलेपीला काम शिकवले, त्याच्याबरोबर फोटो काढले आणि ती निघून गेली. भट्टी, ग्राइंडर आणि केलेपी तेवढे मागे राहिले. खाटांच्या पायांवरून तो माणसांच्या पायांवर आला, आणि साऱ्या टोंगाटापू बेटावर हे काम येणारा तो एकटाच उरला.

काम सांगायला सोपे. माणसाने मऊ फोम भरलेल्या पेटीत पाय ठेवायचा. फोम दबतो, ठसा उठतो. पायाला फुगवटा असेल तिथे फोममध्ये खड्डा पडतो, पायाला खड्डा असेल तिथे फोममध्ये उंचवटा राहतो. ठशात प्लास्टर ओतले की पायाची प्रतिकृती निघते. तिच्यावर तापवून मऊ केलेला जाड रबरी तक्ता दाबून बसवायचा, घासायचा, वरून चामडे लावायचे. झाली बुटातली गादी. जिथे दुखरी जागा असेल तिथे ती खोलगट ठेवायची, म्हणजे अंगाचा भार त्या जागेवर न येता बाकीच्या तळव्यावर वाटला जातो आणि जखमेला भरून यायला उसंत मिळते. दुखरी जागा म्हणायचे आपले. कारण दुखत नाही हेच तर दुखणे. रक्तातली साखर वाढली की पाय बहिरा होतो. बुटातला खडा माणसाबरोबर चर्चला जातो, प्रार्थना ऐकतो, जेवायला घरी येतो आणि रात्री बूट काढल्यावर रक्तात माखलेला सापडतो. माणसाला पत्ता नसतो.

इतकी वर्षे हे केल्यावर केलेपीला माणसे तोंडावरून ओळखू येईनाशी झाली होती. बाजारात कुणी हाक मारली की तो आधी खाली बघायचा. हा रुंद पुढा म्हणजे टपाल कचेरीतला फेआओ, ही आत कललेली टाच म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. अर्ध्या बेटाचे तळवे त्याला पाठ होते.

एक मात्र नव्हता. त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा. तो पाहणे रीतीत बसत नव्हते.

भावाने बहिणीचा आब राखायचा असतो, आणि आब म्हणजे अंतर. लेसिएलीताई पुढच्या दाराने आत आल्या की केलेपी लहानपणापासून मागच्या दाराने बाहेर पडत आला होता. कळायला लागले तसे त्याचे अंथरूण मुलग्यांच्या वेगळ्या झोपडीत गेले. बहिणीसमोर चावट बोलायचे नाही, तिच्या अंथरुणावर बसायचे नाही, तिच्या देहाबद्दल बरेवाईट काहीही उच्चारायचे नाही. ताईंना पोटात दुखते हेसुद्धा केलेपीने 'ताईंना आज बरे नाही' एवढ्यावर ऐकून सोडून द्यायचे. दोघांनी एकमेकांशी सरळ बोलण्याचे प्रसंग आयुष्यात फारसे आले नव्हते. मधे कुणीतरी असेच.

अंतर राखून मान मात्र भरपूर. केलेपीच्या मुलांची आत्या म्हणजे घरातली सगळ्यांत मोठी असामी. लग्नात केकचा वरचा मजला आत्याचा. डुकराचा चरबीदार भाग आत्याचा. डब्यातले मांस नारळाच्या दुधासह तारोच्या पानांत बांधून शिजवलेल्या लूची सगळ्यांत मोठी पुडी आत्याची. नाही म्हणणे हा देणाऱ्याचा अपमान, म्हणून ताईंनी कधी नाही म्हटले नाही. अशी चाळीसएक वर्षे केलेपीच्या घराने ताईंना मान वाढला, आणि ताईंनी तो संपवला. पुढे डॉक्टरांनी साखर निघाली म्हणून सांगितले तेव्हा सगळ्यांना मोठे आश्चर्य वाटले.

त्या दिवशी मनासेचा दोरा-तपास चालू असतानाच केलेपीची बायको फुसी दारात आली. हातात डब्याची टोपली होती, पण ती खाली ठेवायचे तिला सुचत नव्हते.

"वन्सं परवा चर्चमध्ये उभ्या राहिल्या नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे स्तोत्राला. सगळे उठले, त्या बसून गायल्या."

लेसिएलीताई चर्चच्या गायकवृंदात बायकांच्या खालच्या पट्टीच्या प्रमुख होत्या. त्या उठल्या की ओळ उठायची. नवऱ्याला पुरल्यानंतरच्या रविवारीसुद्धा त्या उभ्या राहून गायल्या होत्या.

"दमल्या असतील," केलेपी म्हणाला.

"सँडलचा पट्टा कापलाय. सुरीनं. डाव्या." फुसीने आवाज खाली आणला. "मावत नव्हतं."

काय मावत नव्हते ते ती बोलली नाही. केलेपीने विचारले नाही. तो ग्राइंडरवरची धूळ फडक्याने पुसू लागला. मनासेने दोघांकडे पाहिले आणि कुबड्या ओढून घेतल्या. जगातला कुठलाही विषय मनासेला बाहेर काढू शकला नव्हता. आज तो आपण होऊन बाहेर गेला, आणि धोबीखान्याच्या भिंतीशी उभा राहून मोठमोठ्याने शीळ वाजवू लागला, म्हणजे आपल्याला काही ऐकू येत नाही हे आतल्यांना कळावे.

"दवाखान्यात चला म्हटलं," फुसी म्हणाली. "तर म्हणतात, दवाखान्यात गेलेला पाय घरी परत आलेला मी पाहिला नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय बोलू? बाहेर मनासे एका पायावर उभा राहून शीळ घालतोय." फुसीने शेवटी टोपली खाली ठेवली. "केलेपी, गादी केलीस तर अजून उपयोग होईल. जखम अजून लहान असेल. मी फक्त सूज पाहिली, पण तू लोकांना सांगतोस ना, लवकर आलात तर पाय वाचतो म्हणून? मग? वन्संनी कुणाकडे जायचं? ही कामं करणारा दुसरा कुणी बेटावर आहे का?"

नव्हता. परदेशातले पथक पुन्हा कधी येईल ते त्या पथकालाही माहीत नव्हते.

"फोमच्या पेट्या तू आत ने," केलेपी म्हणाला. "मी बाहेर बसतो."

जाताना वाटेभर त्याने फुसीला शिकवले. पाय उघडा हवा. मधे काही नको. हळूच दाबायचा, टाच आधी, मग पुढा. गुडघ्यावर तू हात ठेवून दाब. हे सगळे तो 'माणसाचा पाय', 'माणसाचा गुडघा' असे म्हणून सांगत होता. फुसीही 'माणसाचा' असेच म्हणून विचारत होती.

ताईंच्या घराला आतल्या खोलीच्या दारावर फुलाफुलांचा पडदा होता. केलेपी बाहेरच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसला. समोर फणसाच्या जातीचे ब्रेडफ्रूटचे झाड आणि त्याखाली एक डुकरीण पिलांना घेऊन लोळत होती. फुसी पेट्या घेऊन पडद्याआड गेली.

"आलाय का तो?" ताईंचा आवाज आला. खालच्या पट्टीचा, भरदार. "त्याला सांग, मी अजून मेले नाहीये. इतका चेहरा पाडून बसू नये म्हणावं."

फुसीने तोंड उघडायच्या आत केलेपी म्हणाला, "त्यांना सांग, मी पाठ करून बसलोय. चेहरा दिसत नाही."

"त्याला सांग, पाठसुद्धा पडलेली दिसते."

"मी इथे पोस्टमन आहे का?" फुसी म्हणाली. "दोघांनाही ऐकू येतंय की."

"रीत आहे," दोन्हीकडून एकदम आले.

मग आत हालचाल झाली. चटईवर वजन सरकले. फुसी कुजबुजली, "वन्सं, तो मोजा…" आणि त्यावर ताईंचा आवाज, हळू पण ठाम: "मोजा राहू दे. माझा उघडा तळवा त्याच्या टेबलावर नको. तिथं तो मनासे बसलेला असतो."

"पण त्यानं सांगितलंय—"

"आणि मी काय सांगतेय?"

नणंदेपुढे भावजयीचे काय चालणार. फोम दबल्याचा करकर आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा. केलेपी डुकरिणीकडे बघत राहिला. तिची पिले एकमेकांच्या अंगावर चढत होती. त्याने सगळे ऐकले होते. 'मोजा काढायला सांग' एवढे तीन शब्द त्याच्या जिभेवर आले आणि तिथेच बसले.

फुसीने झाकलेल्या पेट्या आणून दिल्या. दोघे निघाले. परतीच्या वाटेवर 'माणसाचा पाय' हा विषय निघाला नाही.

शेडमध्ये त्याने झाकणे काढली. उजवा ठसा सरळ होता. डाव्या ठशाकडे तो बराच वेळ बघत राहिला. फोमवर मोज्याची वीण उमटली होती, बारीक जाळीसारखी. पण ती मोठी गोष्ट नव्हती. बोटांच्या मागे पायाचा जो पुढा असतो, त्याच्याही मागे, कमान सुरू होते तिथे एक गोल खोल खड्डा पडला होता. म्हणजे पायाला त्या जागी लिंबाएवढा फुगवटा हवा. त्या जागी माणसाच्या पायाला फुगवटा नसतो.

दुसरा कुणी असता तर केलेपीने पेटी तशीच परत पाठवली असती. एकदा एका पाद्रीबुवांना तो म्हणाला होता, "मोजा काढा, नाहीतर घरी जा. देवासमोर बूट काढतात, माझ्यासमोर मोजे काढायचे." पाद्रीबुवांनी काढले होते. आता कुणाला म्हणणार? फुसीला पुन्हा पाठवायचे, तर काय विचारायला? ताईंच्या तळव्याला हे काय आहे? असा प्रश्न तोंडातून कसा काढतात तेही त्याला ठाऊक नव्हते. आणि असेलही फुगवटा. आपण कुठे ताईंचा पाय पाहिलाय? घराण्यात असेल. त्याने स्वतःचा बूट काढून स्वतःचा तळवा चाचपला. घराण्यात नव्हता.

त्याने प्लास्टर ओतले.

संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "ठसा चांगला आलाय."

"आलाय ना?" फुसी म्हणाली.

दोघांनी आपापल्या ताटलीतल्या तारोच्या कंदाकडे पाहिले.

गादी मात्र त्याने जीव ओतून केली. चामडे इतके मऊ लावले की मनासेने गालावर घासून पाहिले आणि म्हटले, "ही आधी मिळाली असती तर मी तो पाय दिलाच नसता." त्या गोल फुगवट्यासाठी केलेपीने गादीत नेमका तसाच खोलगट भाग ठेवला, कडा घासून घासून गोल केल्या. ऑकलंडहून ताईंच्या मुलीने रुंद, काळे, मऊ बूट पाठवले होते. गाद्या त्यांत बसवून फुसीने ते पोचते केले.

ताईंनी ते बूट घातले आणि काढले नाहीत.

एरवी इथे चांगली वस्तू म्हटली की ती रविवारची. नव्या बुटांना सहा दिवस पेटीत आणि एक दिवस चर्चमध्ये काढायचा, हा सगळ्यांचा शिरस्ता. केलेपी रोग्यांना त्यावरून ओरडून थकला होता. पण ताईंनी बूट सोमवारी घातले, मंगळवारी घातले, बाजारात घातले, एवढेच काय, घरात चटईवरसुद्धा घातले. चटईवर पायताण! शेजारणींनी भुवया उंचावल्या तेव्हा ताई म्हणाल्या, "माझ्या भावानं केलेत. त्यानं सांगितलंय, पाऊल टाकीन ते यातच." असे सांगितले नव्हते त्याने त्यांना, तो सगळ्यांना सांगायचा ते फुसीने त्यांना सांगितले होते. पण ताईंनी भावाचा शब्द पाळायचा म्हणजे पाळायचा.

रविवारी त्या उभ्या राहिल्या. ओळ उठली. केलेपी पुरुषांच्या बाजूला होता, त्याला फक्त आवाज येत होता. खालची पट्टी भिंतीसारखी भक्कम होती. त्याच्या शेजारी बसलेला मनासे कानाशी पुटपुटला, "लेका, तू आवाजाच्या पण गाद्या करतोस का?" केलेपीला चर्चमध्ये हसू आवरावे लागले. आयुष्यात आपण बहिणीसाठी काही केले असे त्याला त्या दिवशी प्रथम वाटले.

असे आणखी काही रविवार गेले.

मग जिल्ह्यातल्या सगळ्या चर्चचे गायकवृंद एकत्र येतात तो दिवस आला. बायका पांढऱ्या पोशाखात, कमरेला रीतीप्रमाणे गुंडाळलेल्या विणीच्या चटया, पायांखाली नव्या चटया अंथरलेल्या. फुसी ताईंच्या मागच्या रांगेत होती. तिसऱ्या स्तोत्राच्या मध्यावर तिला ताईंच्या डाव्या बुटाखाली चटई तपकिरी झालेली दिसली. तिला वाटले, सावली असेल. सावली वाढत गेली. ताई गात होत्या. डोळे मिटलेले, मान वर, एक पाय दुसऱ्याइतकाच ठाम रोवलेला. फुसी गायची थांबली. वास तिला आता आला, चंदनाच्या तेलाच्या वासाखालून. ताईंनी शेवटचा 'आमेन' पुरा लांबवला आणि मग खाली बघून त्या म्हणाल्या, "अगं बाई, चटई खराब झाली कुणाची तरी."

रुग्णालयात केलेपी वॉर्डच्या बाहेर उभा राहिला. आत जाणे शक्य नव्हते. ताई खाटेवर आडव्या होत्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर तौफा बाहेर आल्या. तरुण बाई, केलेपीच्या मुलीच्या वर्गातल्या. त्यांच्या हातात ती गादी होती.

"केलेपीकाका, ही तुम्ही केलीत?"

केलेपीने गादी हातात घेतली. चामड्यावर डाग होता. जो खोलगट भाग त्याने घासून घासून केला होता, तो कोरडा, स्वच्छ होता. डाग त्याच्या पुढच्या कडेवर होता. जखम बोटभर पुढे होती, पुढ्याच्या हाडाखाली. खोलगट भाग बोटभर मागे. म्हणजे पाऊल पडले की सगळा भार त्या कडेवर, आणि कड जखमेत. सोमवारी, मंगळवारी, बाजारात, घरात. न काढता.

"मोज्यात नोनूचा औषधी पाला बांधलेला सापडला," डॉक्टर म्हणाल्या. "जाड गोळा. चालताना मागे सरकत असणार. ठसा घेताना पण होता का काका तो? तुम्ही पाय पाहिला नव्हता का?"

त्याला सांगता आले असते. मोज्याचे, पडद्याचे, पायरीचे. पण ते सांगणे म्हणजे व्हरांड्यात उभे राहून ताईंच्या तळव्याची गोष्ट सांगणे होते.

"माझं माप चुकलं," तो म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याही इथल्याच होत्या. मग त्यांनी गादी त्याच्या हातातून परत घेतली नाही.

"घोट्यापाशी थांबता येणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "वर घ्यावं लागेल."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी फुसी त्याला म्हणाली, "मला पाल्याचं माहीत होतं. त्या म्हणाल्या, त्याला सांगायचं नाही."

"मला खड्डा दिसला होता," केलेपी म्हणाला.



मनासे शेडमध्ये आला तो दोन दिवस गप्प बसून राहिला. मनासे गप्प बसलेला पाहायला धोबीखान्यातल्या बायका डोकावून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याने बूट काढला, पाय टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "दोरा काढ."

"परवाच बघितलाय."

"काढ म्हणतो ना. आज खरं सांगतो."

केलेपीने दोरा टाचेला लावला.

"नाही," मनासे म्हणाला. डोळे उघडेच होते, पण तो छताकडे बघत होता. कमानीला लावला. "नाही." पुढ्याला. "नाही." अंगठ्याला. "नाही रे, केलेपी. मागच्या वर्षापासूनच नाही."

केलेपीने त्याचा मोजा त्याच्या पायात चढवून दिला. हे तो कुणाचे करीत नसे.

ताई घरी आल्या त्या कुबड्यांवर. घरातल्या जुन्या चटया बदलल्या. मान आता आधीपेक्षा वाढला होता. लोक लू आणि केक घेऊन भेटायला येत. चर्चला त्यांना खुर्ची मिळाली, आणि खालची पट्टी आता खुर्चीतून उठायची, थोडी मागून.

महिनोन्महिने केलेपी त्या घराकडे गेला नाही. पायरीवर बसायला कसे जायचे हे त्याला कळत नव्हते. मग एके सकाळी फुसी पेटी घेऊन शेडमध्ये आली. मनासे नेमका तिथे होता. पेटी पाहून तो उठू लागला, तर फुसी म्हणाली, "बसा तुम्ही. वन्संनी सांगितलंय, मनासे असला तरी चालेल."

"कसली पेटी?" केलेपी म्हणाला.

"उजव्याची. सगळा भार आता त्याच्यावर. त्यांनी स्वतःच मागून घेतली." फुसी थांबली. "म्हणाल्या, त्याला सांग, या खेपेला मोजा नाही."

केलेपीने हात धुतले. धुतलेलेच होते, पुन्हा धुतले. मग झाकण काढले.

वीण नव्हती. त्वचेच्या रेषा होत्या, वाळूवर लाट ओसरल्यावर राहतात तशा. अंगठ्यापेक्षा दुसरे बोट लांब होते, त्याच्या स्वतःच्या पायासारखेच. हे त्याला माहीत नव्हते. टाचेच्या कडेला एक जुनी भेग होती. तो एकेक जागा बघत पुढे सरकला, आणि पुढ्याखाली थांबला. सपाट दबलेल्या फोममधून तिथे एक बारीकसा उंचवटा वर उभा होता. वाटाण्याएवढा. म्हणजे पायाला त्या जागी खड्डा.

मनासेलाही तो दिसला. इतकी वर्षे बसून त्यालाही वाचता येऊ लागले होते. त्याने कुबड्या ओढून घेऊन दाराची वाट मोकळी केली.

"काय?" फुसी म्हणाली. "काय झालं? ठसा चांगला नाही आला?"

"चांगला आलाय," केलेपी म्हणाला आणि दाराला अडकवलेली टोपी काढून घेतली.

तो पुढे चालत होता, फुसी मागून जवळजवळ धावत होती. वाटेत कुणीतरी हाक मारली. त्याने खाली बघितले नाही. ताईंच्या घराशी आला तेव्हा त्याने पायरी पाहिली आणि तो बसला नाही. पायताण काढून तो आत गेला, पडद्यापर्यंत. पडद्याची फुले बरीच विटली होती. आतून कुबडी भिंतीला टेकल्याचा आवाज आला.

"कोण आहे? फुसी?"

"मी आहे, वन्सं," फुसी त्याच्या मागून म्हणाली. "आणि—"

"ताई," केलेपी म्हणाला. "पाय दाखवा."

बाहेर डुकरीण पिलांना घेऊन झाडाखालून निघून गेली. आपण काय बोललो ते केलेपीच्या कानात अजून वाजत होते. बहिणीशी सरळ बोललेले ते वाक्य त्याला परत घ्यावेसे वाटले, पण घ्यायला आता उशीर झाला होता. फुसीने तोंडावर पदरासारखा हात धरला होता.

बऱ्याच वेळाने चटईवर वजन सरकले. पडद्याची खालची कड फुगली. तिच्याखालून आधी बोटे आली, मग पुढा, मग टाच. घोट्यावर पडदा पुन्हा नीट पडला. तेवढाच पाय बाहेर, चटईवर, आणि बाकी सगळ्या ताई आत.

"फुसी," आतून आवाज आला. खालची पट्टी होती, पण वाऱ्यावर धरल्यासारखी. "त्याला म्हणावं, लवकर बघ काय ते."

केलेपी गुडघ्यांवर बसला. मग गुडघेही उंच वाटले, म्हणून पुढे वाकला, कपाळ जवळजवळ चटईला लागेपर्यंत. टोपी बाजूला ठेवली. त्याने दोन्ही तळहात एकत्र केले आणि तो पाय अलगद त्यांत घेतला. पाय गार होता. जड होता. पुढ्याखाली ती जागा होती, काळसर कडा, मधे ओल. त्याने अंगठ्याने कडेला दाबून पाहिले. किती आत गेलीय ते पाहायला आणखी दाबले. बोटांत पाय इतका निमूट होता की जणू कुणाचाच नव्हता.

"फुसी," पडद्याआडून ताईंनी विचारले, "हात लावला का गं त्यानं?"

फुसीने नवऱ्याच्या ओंजळीकडे पाहिले.

"नाही, वन्सं," ती म्हणाली. "लांबूनच बघतोय."